कुप्याची काठी

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन एकमेकींना मिळतात आणि मग जणू एकमतानेच वळण घेऊन पूर्वेच्या मुलखाकडे निघतात. त्या संगमापासून जवळच, भर वैशाखातही ज्याचा ठाव लागत नसे अशा एका डोहाच्या काठी माझे बालपण गेले, आणि वस्तूची निवड कशी करावी याचा पहिला धडा मला त्याच काठावर, मासे धरण्याच्या काठीच्या निमित्ताने मिळाला. पुढे पाटबंधारे खात्याच्या हिशेब शाखेत तीस वर्षे दप्तर सांभाळताना कितीतरी खरेद्यांचे कागद माझ्या हाताखालून गेले, दरपत्रके पडताळली, तफावती काढल्या; परंतु त्या साऱ्या कारभाराच्या मुळाशी जे तारतम्य लागते ते मला नदीकाठीच लाभले होते, याची जाणीव गेल्या वर्षी माझ्या भाच्याने एका काठीसंबंधी सल्ला विचारला तेव्हा नव्याने झाली.

आमच्या घाटावर एक वृद्ध भोई होते. गावातील सारी मुले त्यांना तात्या म्हणत. घराच्या वळचणीला त्यांनी चिवारीच्या पाच-सहा काठ्या आडव्या टांगलेल्या असत आणि त्यांतील प्रत्येकीचे काम निरनिराळे असे: एक बोटाएवढ्या माशांची, एक शिंगटीची, एक वामेची, आणि सर्वांत जाड, पेरे जवळजवळ असलेली, धुराने तांबूस झालेली काठी खडशीची. खडशी म्हणजे इतर प्रांतांत ज्याला महसीर म्हणतात तो मोठ्या खवल्यांचा, बलिष्ठ मासा. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई सरकारने दख्खनच्या पाहणीवर नेमलेले कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ साली येथील माशांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा लॅटिन कुलनामांना त्यांनी इकडच्या मासेमारांच्या तोंडचेच शब्द जोडले. त्यामुळे खडशी, कोळस आणि शिंगटी ही आमच्या घाटावरची नावे किंचित रूप पालटून आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत नांदत आहेत.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना बाजारातून रंग दिलेली, चकचकीत, डौलदार अशी एक काठी हट्टाने आणवली आणि पहिल्याच मोठ्या माशाला ती शेंड्याकडे मोडली. मी रडकुंडीला आलेला पाहून तात्या जवळ आले, मोडलेला तुकडा त्यांनी उन्हाकडे धरून न्याहाळला आणि म्हणाले, "पोरा, काठी घेताना आपला हात बघू नगं, मासा बघ. मासा केवढा, पाणी कसं, अन् वढ कुठनं येणार, एवढं समजलं की काठी आपसूक ठरती." थोडे थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "आन् काठी उभी धरू नगं. उभी काठी शेंड्यानं झगडती, आडवी काठी बुडख्यानं झगडती." हे दुसरे वाक्य त्या वेळी मला नीटसे कळले नाही. ते कळायला आयुष्याची साठ वर्षे जावी लागली, आणि त्यासाठी कृष्णेतून निघून समुद्रापर्यंत जावे लागले.

माझा भाचा रत्नागिरीला नोकरीस आहे. गेल्या वर्षी वैशाखात तो सांगलीला आला, आणि संध्याकाळी आयर्विन पुलावरून नदी पाहत आम्ही उभे असताना संकोचाने म्हणाला, "मामा, कुपा धरायला एक जड काठी घ्यायची आहे. पिसांच्या माशीची. पण माझ्या ऐपतीत बसणारी सांगा." कुपा म्हणजे ट्यूना, त्याच्या लहान भावंडाला कोकणात गेदर म्हणतात. पिसांच्या माशीची मासेमारी हा प्रकार आपल्याकडे विरळाच, म्हणून तो थोडक्यात सांगितला पाहिजे. साध्या गळाला शिशाचा गोळा दूर नेतो आणि त्याच्यामागून हलकी दोरी ओढली जाते. येथे गळाच्या दांडीवर पिसे, केस आणि चमकते तंतू बांधून तारलीसारख्या बारीक माशाची जी प्रतिकृती करतात तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार करावी लागते, ती काठीने हवेत मागे-पुढे झुलवावी लागते, आणि त्या झोक्यात साठलेली गती शेवटी पिसांच्या माशीला लाटांवर नेऊन टाकते. काठीकडे येथे दोन कामे येतात. आधी तिने दोरी फेकायची आणि मग मासा उचलायचा. आणि या दोन कामांचे परस्परांशी फारसे पटत नाही. निवडीतला सारा पेच येथेच आहे.

भाच्याने बरोबर आणलेली मूल्यपत्रके मी रात्री दिव्याखाली उघडली. अशा काठ्यांना आकडे असतात, आणि कुप्यासाठी बारा आकड्याची किंवा तिच्याही पुढची काठी लागते. हा आकडा खरे म्हणजे दोरीचा असतो. अमेरिकेतील गळसाहित्याच्या कारखानदारांनी १९६० च्या सुमारास असे ठरवले की दोरीच्या पुढच्या तीस फुटांचे वजन ग्रेनमध्ये मोजावे आणि त्यावरून तिला क्रमांक द्यावा. पाच क्रमांकाच्या दोरीचे हे वजन १४० ग्रेन, आठचे २१०, दहाचे २८० आणि बाराचे ३८० ग्रेन. हे मान मला परके वाटले नाही, कारण इंग्रजी अमदानीत १८३३ साली आपल्याकडील तोळा १८० ग्रेनांचा कायम करण्यात आला होता; म्हणजे बारा क्रमांकाची काठी दोन तोळे आणि वर वीस ग्रेन एवढा भार हवेत झुलवण्यासाठी घडवलेली असते. दोन तोळ्यांचा ऐवज फेकण्यासाठी जी काठी हजार डॉलरच्या घरात जाते, ती मनभर ओढीच्या माशासमोर काय करते, हा प्रश्न माझ्या हिशेबी मनात तेथेच उभा राहिला.

तात्यांच्या सूत्राप्रमाणे आधी मासा पाहिला पाहिजे. बहुतेक माशांचे रक्त भोवतालच्या पाण्याइतकेच थंड असते. कुप्याच्या शरीरात मात्र सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे एक जाळे असे रचलेले आहे की स्नायूंतून परतणारे उष्ण रक्त कल्ल्यांकडून येणाऱ्या थंड रक्ताला आपली ऊब देऊन टाकते. त्यामुळे त्याचे स्नायू पाण्यापेक्षा उष्ण राहतात आणि दमाने व वेगाने काम करतात. शिवाय श्वासासाठी त्याला तोंड उघडे ठेवून अखंड पोहावे लागते. थांबणे हे त्याला ठाऊकच नाही. गळाला लागलेला कुपा प्रथम शे-दोनशे मीटर दोरी सरळ घेऊन जातो, आणि मग अथांग पाणी सापडले की खाली बुडी मारून नावेच्या तळाशी मोठी वर्तुळे घेत राहतो. खडशीची ओढ आडवी असते, प्रवाहाच्या दिशेची, खडकांच्या आडोशाकडची. कुप्याची ओढ उभी, पाताळाकडची. कुपे तारल्यांच्या थव्यावर तुटून पडतात, वर समुद्रपक्षी घिरट्या घालतात, आणि नाव त्या कल्लोळाजवळ नेली की दोरी फार लांब फेकावीच लागत नाही. म्हणजे या माशाच्या बाबतीत फेकण्याचे काम लहान आणि उचलण्याचे काम प्रचंड. मूल्यपत्रकांतील स्तुती मात्र बहुतेक सगळी फेकीचीच होती: काठी किती हलकी, किती ताठ, किती चपळ, आणि किती फूट दूर दोरी नेणारी.

ताठपणाला एवढे मोल कसे चढले, याचाही एक इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कारागीर बांबूच्या उभ्या पट्ट्या तासून त्या एकत्र चिकटवीत आणि त्यांपासून सहा कोनांची काठी घडवीत. तो बांबू आरंभी कलकत्त्याच्या बंदरातून जाई. पुढे चीनच्या दक्षिणेतील टोंकिन नावाने प्रसिद्ध झालेल्या बांबूने त्याची जागा घेतली. १९५० नंतर अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि त्या बांबूची आवक थांबली. तोवर दुसऱ्या महायुद्धातून पुढे आलेल्या काचतंतूने काठ्यांचा बाजार व्यापण्यास सुरुवात केलीच होती. १९७० च्या दशकात, मूळ विमानविद्येसाठी विकसित झालेला कार्बनतंतू आला आणि काठी हलकी व ताठ झाली. प्रत्येक पायरीवर वजन घटले, फेक वाढली, किंमतही वाढली. बळ मात्र त्या प्रमाणात वाढले असे म्हणता येत नाही. जाड भिंतीची, काचतंतू मिसळलेली स्वस्त काठी आजही जेवढे सोसते तेवढे पातळ भिंतीची महाग काठी पुष्कळदा सोसत नाही.

हे सारे तर्काने पटले होते, तरी प्रचीतीवाचून खर्चाची शिफारस करणे माझ्या स्वभावात नाही. भाच्याने एका मित्राकडून दोन काठ्या उसन्या आणल्या होत्या, एक नामांकित, ताठ, हलकी, आणि दुसरी साधी, किंचित आखूड, बुडख्याला जाड. आमच्या जुन्या घराच्या माडीच्या सज्जात तो उभा राहिला, दोरीचे टोक मी खाली अंगणात बादलीच्या कडीला बांधले, आणि लिटरच्या मापाने मोजून पाणी ओतू लागलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो भार, यात चुकण्यासारखे काही नाही. महाग काठीने चार लिटरांपर्यंत बादली जमिनीवरून उचलली गेली, पुढे भाच्याचे मनगट थरथरू लागले आणि काठी शेंड्याकडे अशी काही वळली की मीच त्याला थांबवले. साध्या काठीने पाच लिटर पाणी उचलले गेले आणि त्याच्या हाताला कंपही आला नाही.

याचे कारण तरफेच्या नियमात आहे. नऊ फुटांच्या काठीचा बुडखा पोटाशी टेकवावा आणि पुढचा हात त्यापासून दीड फुटावर असावा, म्हणजे काठी ताठ राहिल्यास शेंड्यावरचा एक किलो त्या हाताला सहा किलोंसारखा जाणवतो, कारण माशाच्या बाजूची भुजा माणसाच्या बाजूच्या भुजेच्या सहापट आहे. तीच काठी वाकून ओढीची रेषा साडेचार फुटांवर आली की तो भार तीन किलोंवर उतरतो. ताठ आणि लांब काठी अशा वेळी माशाच्या हाती तरफ देते. वाकणारी, आखूड, परंतु बुडख्याला खंबीर अशी काठी ती तरफ माणसाकडे परत आणते. काठी उभी धरली की भार शेंड्यात जमतो आणि शेंडा मोडतो; आडवी ठेवली की तो बुडख्यात उतरतो. तात्यांनी तरफेचा नियम पुस्तकात वाचला नव्हता, पण त्यांच्या त्या दुसऱ्या वाक्यात तो पूर्णपणे सामावलेला होता. बादलीतले पाणी तुळशीला घालताना साठ वर्षांपूर्वी मोडलेली माझी रंगीत काठी मला स्वच्छ दिसली.

आणखी एक गोष्ट. आंतरराष्ट्रीय विक्रमांच्या नियमांत, माशीच्या दोरीच्या टोकाजवळ जो नाजूक तुकडा असतो तो सुमारे दहा किलो ताणाहून अधिक बळकट असता कामा नये. म्हणजे दहा किलोंना दोरी तुटणारच, आणि चार-पाच किलोंपुढे माणसाचा हात ओढू शकत नाही. मग त्याहून कितीतरी अधिक सोसण्याचे आश्वासन देणाऱ्या काठीसाठी अधिक पैसे मोजून काय साधायचे? जड काठीचे खरे समर्थन निराळे आहे. दुबळ्या काठीवर मासा तासन्तास झुंजत राहतो, त्याच्या स्नायूंची सारी शक्ती जळून जाते, आणि मग त्याला सोडून दिले तरी तो जगेलच याची शाश्वती राहत नाही. पुरेशा जड काठीवर तीच झुंज लवकर मिटते. म्हणून काठी जड असावी हा भाच्याचा आग्रह मला मान्य होता. ती महाग असावी, हे मात्र यातून निष्पन्न होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला मिरजेला घेऊन गेलो. तेथील सतारमेकरांच्या गल्लीत तंबोरा निवडणारे गिऱ्हाईक पाहणे हा निवडशास्त्राचा एक उत्तम पाठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पंढरपूरकडचे मोठे भोपळे आणि तुणीचे लाकूड दीर्घकाळ सुकवून ठेवायचे, घाई करायची नाही, असा तेथला दंडक आहे. आम्ही गेलो तेव्हा एक वयस्क कारागीर एका विद्यार्थ्याच्या वडिलांना सांगत होते की कडेच्या नक्षीने वाद्य सुंदर दिसेल, पण नक्षीने नाद वाढत नाही. पैसे मोजकेच असतील तर ते भोपळ्यात, लाकडात आणि घोडीच्या कामात घालावेत. भाचा माझ्याकडे पाहून हसला. मला जे सांगायचे होते ते त्या कारागिराने माझ्याहून नेमके सांगितले होते.

घरी परतल्यावर आम्ही फर्द मांडली. एकूण तजवीज तीस हजार रुपयांची. त्यांतील तेरा हजार मी प्रथम रिळाच्या नावे लिहिले, कारण कुप्याच्या पहिल्या धावेला काठी फक्त साक्षी असते. ती धाव अडवायची कामगिरी रिळाच्या रोधयंत्राची, आणि ते खाऱ्या पाण्यापासून बंदिस्त, सम ओढीने फिरणारे आणि मुख्य दोरीमागे किमान तीनशे मीटर राखीव दोरी पोटात घेणारे हवे. सहा हजार दोऱ्यांसाठी, दोन हजार गळ, पिसे आणि किरकोळ जिन्नसांसाठी. उरलेले नऊ हजार काठीचे. काठी कशी असावी हेही लिहून काढले: बारा क्रमांकाची, साडेआठ फुटांच्या आसपास, शेंड्याला नरम आणि बुडख्याला जाड, कड्या भक्कम आणि न गंजणाऱ्या, रीळ बसवण्याची बैठक धातूची, दोन आटे असलेली, बुचाच्या मुठीपुढे दुसऱ्या हातासाठी वेगळी पकड, सांधे घट्ट, हलवून पाहिल्यास आवाज न करणारे, आणि शेंडा मोडल्यास तेवढाच भाग पुन्हा मिळण्याची सोय. रंग, नाव आणि पिशवीवरची कलाकुसर यांच्यासाठी फर्दीत रकाना ठेवला नाही. परदेशातून मागवण्याच्या वस्तूंवर जकात आणि टपालखर्च मिळून मूळ किंमत कशी फुगते तेही त्याला मांडून दाखवले, आणि शक्यतो देशात हाताळून घेता येईल तीच काठी घ्यावी असे ठरले.

कोणी म्हणेल, स्वस्त साधनाची ही भलावण म्हणजे निर्धनाने करून घेतलेली समजूत आहे. तसे नाही. लक्षद्वीप बेटांवर, विशेषतः मिनिकॉयला, पिढ्यान्‌पिढ्या ट्यूना धरला जातो तो बांबूच्या साध्या काठ्यांनीच. नावेवरून जिवंत बारीक मासे पाण्यात सोडायचे, पाण्याचे तुषार उडवून समुद्राचा पृष्ठभाग ढवळल्यासारखा करायचा, आणि थवा वर आला की काठ्यांना बांधलेल्या आखूड दोरीच्या, काटेरी दात नसलेल्या गळांनी एकामागून एक मासा उचलून मागे नावेत टाकायचा. दात नसल्यामुळे मासा आपोआप सुटून पडतो आणि गळ पुढच्या क्षणी पुन्हा पाण्यात जातो. तेथे मासा काही किलोंचा असतो, ओढ क्षणाची असते, म्हणून त्या कामाला तीच काठी योग्य. त्या कोळ्यांनी काठी माशाच्या मापाने घेतली आहे, आणि तिच्यावर त्यांचे संसार चालले आहेत. अशा काठीला स्वस्त म्हणून कोणी हिणवू नये.

पश्चिम किनाऱ्यावर जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण झाला, पाऊस ओसरला, आणि मग भाचा ओळखीच्या नावेतून समुद्रात गेला. पहिल्या दिवशी त्याला तीन-तीन किलोंचे दोन गेदर मिळाले. दुसऱ्या दिवशी एक मोठा कुपा लागला. पाऊण तासानंतर नावेखालच्या वर्तुळात दोरीचा नाजूक तुकडा, नियमाप्रमाणे जिथे तुटायला हवा तिथेच, तुटला. काठी, रीळ आणि राखीव दोरी शाबूत राहिली. फोनवर हे सांगताना त्याच्या आवाजात खंत होती, पण पश्चात्ताप नव्हता. तो म्हणाला, "मामा, काठी शेवटपर्यंत आडवी ठेवली." मी त्याला एवढेच सांगितले की आता ती गोड्या पाण्याने धू, सावलीत वाळव आणि आडवी टांग.

वाचकांपैकी कोणाला अशी काठी घ्यायची असेल, किंवा काठीऐवजी दुसरे कोणतेही साधन आपल्या मोजक्या पैशांत घ्यायचे असेल, तर माझी एकच विनंती आहे. त्या साधनावर नेमका कोणता भार येणार आहे तो आधी शोधावा, पैसा त्या भाराच्या जागी घालावा, आणि दुकानातून निघण्यापूर्वी शक्य असेल तर बादलीभर पाणी उचलून पाहावे.